धुक्यात शिरलेला धूर

बाबा, या वर्षीचं धुकं आता संपलंच म्हणायचं. बुधवारी अवकाळी पाऊस थोडासा पडून गेला म्हणून दोन सकाळी मिळाल्या, नाहीतर होळी तोंडावर आली असताना आपल्याकडं धुकं कुठलं! धानाच्या बांध्यांमधलं लाखोरीचं पीक उपटून झालं, पळसावर पान नाही आणि फुलं मात्र मावत नाहीत, दुपारी शर्ट पाठीला चिकटतो. मी तुमच्या स्टुडिओच्या मागच्या खोलीत बसून हे लिहून राहिलो. समोरची खोली आईनं झेरॉक्सवाल्याला दिली आहे. त्याची मशीन घर्रघर्र करते आणि दर थोड्या वेळानं कोणीतरी येऊन आधार कार्डाच्या कॉप्या मागतं. इथं मागं तुमचा पडदा आहे, गुंडाळून भिंतीला उभा केलेला. तोच, नाटकांचे पडदे रंगवणाऱ्या पेंटरकडून तुम्ही करून घेतलेला: जंगल, तळं, तळ्यावर चुन्यासारखं पांढरं धुकं, आणि कोपऱ्यात एक हरीण, ज्याचे मागचे दोन्ही पाय एकाच बाजूला आहेत. आंधळगावातल्या अर्ध्या लग्नांची बोलणी त्या धुक्यापासून सुरू झाली. स्थळाला पाठवायचा फोटो काढायला पोरीला घेऊन यायचे आणि तुम्ही म्हणायचे, "बाई, हरणाच्या समोर उभी राह्य," म्हणजे ते पाय झाकले जातील. पोरगी लाजून हरणासमोर सरकायची आणि मी स्टुलावर बसून हसायचो.

बसवत नाही मला. एवढं लिहिताना दोनदा उठून बाहेर जाऊन आलो. तुम्ही असता तर म्हणाला असता, याच्या बुडाखाली मुंग्या आहेत.

तुम्हाला माहीत नसलेलं आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी सहावीत होतो. आता मिशी आहे, मोटरसायकल आहे, दुसऱ्याचा वापरलेला का असेना पण चांगला कॅमेरा आहे. कॉलेज नाही. तुमसरला बीएस्सीला होतो, दुसऱ्या वर्षी सोडलं. प्रॅक्टिकलच्या तासाला मी खिडकीतून बाहेरच्या पळसाचा फोटो काढत होतो, सर म्हणाले, "फोटोच काढायचे तर इथं कायले आला?" सगळा वर्ग हसला. ती पण हसली, आणि तेच लागलं. मी म्हटलं, "बरोबर आहे सर," जर्नल टेबलावर आपटलं आणि निघालो. गेटपर्यंत वाटत होतं, कोणीतरी मागून येऊन थांबवेल. कोणी आलं नाही. मग परत फिरायला तोंड राहिलं नाही.

ती म्हणजे माझ्याच वर्गातली, आंबागड किल्ल्याच्या पायथ्याकडच्या एका खेड्यातली. ती अजून शिकते, यंदा शेवटचं वर्ष. नाव लिहीत नाही. फोनमध्येसुद्धा तिचा नंबर मी 'लॅब' म्हणून ठेवला आहे, आईला वाटतं फोटो धुवायची लॅब. तिची बस वळणावर आली की ती खिडकीची काच सरकवते आणि ओढणीचं टोक बाहेर उडतं. हे मला माहीत आहे, कारण त्या वळणावर मी कितीतरी सकाळी मोटरसायकलचं चाक तपासायच्या निमित्तानं थांबलो आहे. चाकाला काही झालेलं नव्हतं. जात एकच आहे, म्हणून तिकडून अडचण नाही. अडचण मी आहे. तिचे बाबा ट्रकवर असतात, महिना महिना बाहेर. घर आई चालवते. मागच्या आठवड्यात ती फोनवर म्हणाली, "रविवारी पाहुणे येऊन राहिले मले पाहायले. त्याच्या आधी एकदा घरी ये अन् आईशी बोल."

"आई विचारेल, करतोस काय. मग काय सांगू?"

"तेबी मीच सांगू का आता?" म्हणाली आणि फोन ठेवला.

त्याचंच उत्तर शोधायला मी, तिनं म्हणायच्या आधीपासूनच, धुक्याच्या मागं लागलो होतो. जंगलाच्या बाजूला एक नवं रिसॉर्ट होऊन राहिलं आहे. त्याच्या मॅनेजरला आत शिरल्याबरोबर दिसेल असा भिंतभर फोटो पाहिजे होता: इथलंच जंगल, धुक्यातलं, हिवाळा जाता जाता आणि नवी पालवी येता येता. चांगला निघाला तर पुढचं त्यांचं सगळं फोटोचं काम माझ्याकडं. मग मी तिच्या आईसमोर ताठ बसून सांगणार होतो की मावशी, मी अमुक ठिकाणी फोटोग्राफर आहे. एवढं एक वाक्य पाहिजे होतं मला, दुसरं काही नाही.

तर माघ लागल्यापासून मी अंधारातच घर सोडतो. हात हँडलला गोठतात, बांध्यांवरून धुकं रस्त्यावर आलेलं असतं, समोरून येणारा ट्रक आधी ऐकू येतो आणि मग दिसतो. पौषातलं धुकं जाड असतं, त्यात झाडंच सापडत नाहीत. फोटो काढला तर वाटतं लेन्सवर दही सांडलं. फाल्गुनाकडं ते पातळ होतं, बोडीच्या पाण्यावरून उठून झाडांमध्ये शिरतं, आणि तेव्हा खरी मजा. ऐनाची मगरीच्या पाठीसारखी साल, सागाची खाली पडलेली पानं, पाय ठेवला की पापडासारखी मोडणारी, आणि त्या सगळ्या करड्यामध्ये एखाद्या कुसुमाच्या झाडाला फुटलेली लाल पालवी. ती लाल फांदी आणि मागं धुकं, आणि किल्ल्याच्या टेकडीमागून सूर्य येऊन धुक्याला पिवळं करून टाकायच्या आधीचा तो थोडासा वेळ. रोज काहीतरी बिनसायचं. कधी धुकं नाही, कधी वारा, कधी मीच. मला थांबता येत नाही ना. स्टँड इथं लावला की वाटतं तिथून जास्त चांगलं दिसेल, तिथं जाईपर्यंत इथलं गेलेलं.

ती जागा तुम्हीच दाखवली होती. आठवतं का? लग्नाचा रोल असायचा तुमच्या कॅमेऱ्यात, आणि वरात, जेवणं, पाठवणी सगळं झाल्यावरही त्यात दोन-तीन फोटो उरायचे. दुसरे फोटोग्राफर ते रस्त्यावरच्या कुत्र्यावर नाहीतर स्वतःच्या गाडीवर संपवून टाकायचे आणि रोल धुवायला द्यायचे. तुम्ही एकदा तुमसरकडच्या लग्नाहून येताना मला लुनावर पुढं उभं करून आंबागडकडं वळवलं. थंडी अशी की माझे दात वाजत होते आणि तुम्ही तुमचा मफलर माझ्या कानांना बांधून वर टोपी घातली होती. बोडीच्या काठावर धुकं आहे. तुम्ही मला दोन झाडांच्या मध्ये नेऊन उभं करता, परत येता, कॅमेरा एका दगडावर ठेवता, खाली वाकून बघता. "बाबू, आता हलू नको. उजेड कमी हाय, शटर हळू चालन. हलला तं फोटोत पुसून जाशीन." मी म्हणतो, "किती वेळ?" तुम्ही म्हणता, "झाडाले इचार, ते किती वेळ उभं हाय." आणि मी झाडाकडं वर बघतो.

लॅबमधून फोटो आले तेव्हा झाडं अशी स्वच्छ होती की सालीवरची मुंगी मोजावी, आणि त्यांच्या मध्ये माझ्या जागी एक पुसट डाग. टोपी नाही, मफलर नाही, फक्त धुक्यापेक्षा थोडं जास्त मळकट काहीतरी. मी रडलो. तुम्ही आईला हाक मारून फोटो दाखवला: "पाह्य व, तुया पोरगा धुकं होऊन गेला." आईनं चुलीवरची भाकर तशीच सोडून हात पुसत येऊन पाहिलं, आणि मला जवळ घेऊन म्हणाली, "तुमीबी ना, लेकराले घेऊन दुसरा काढा." रोल संपला होता. त्याच्यानंतर लवकरच गावोगाव डिजिटल आलं, रोलमध्ये काही उरायचं बंद झालं आणि तुम्ही मला पुन्हा तिकडं नेलं नाही.

आता गुरुवारची गोष्ट. बुधवारी संध्याकाळी पाऊस शिंतडून गेला तेव्हाच मला कळलं होतं की उद्या धुकं येणार. रात्रभर नीट झोप नाही. पोचलो तेव्हा बोडीवर असं धुकं होतं की मी गाडीचं इंजिन आधीच बंद करून ती ढकलत नेली, जणू आवाजानं ते उठून जाईल. स्टँड लावला. लाल पालवीची फांदी होती, मागं तीन ऐन एकामागं एक पुसट होत गेलेले, मध्ये मोकळी जागा. मी स्वतःला सांगत होतो, हलायचं नाही, हलायचं नाही. टेकडीमागं उजळायला लागलं. आणि डावीकडून धूर आला.

धूर आणि धुकं लांबून सारखंच वाटतं, पण कॅमेऱ्यात नाही. धूर निळसर असतो, घाणेरडा असतो, त्याला घाई असते. माझ्या तीन ऐनांपैकी दोन त्यानं गिळले. मी स्टँडवरून कॅमेरा काढला आणि तणतणत निघालो. पुढं एक मोठं मोहाचं झाड, आणि त्याच्या बुडाशी एक बाई पाचोळ्याला आग लावून उभी. तुम्हाला माहीतच आहे, मोह पडायच्या आधी झाडाखालचा पाला जाळून जमीन साफ करतात, म्हणजे काळ्या जमिनीवर फुलं चटकन दिसतात आणि वेचायला सोपं जातं. मलाही माहीत होतं. त्या वेळी काही माहीत नव्हतं मला. तिच्या हातात पळसाची ओली फांदी होती, आगीची कड बाहेर सरकली की ती तिच्यावर मारून विझवत होती.

"ओ मावशी! धूर काहून करून राहिल्या?"

ती दचकली नाही. "तू कोन?"

"मी कोणीबी असो. विझवा आधी. माझा फोटो खराब होऊन राहिला."

"तुया फोटोसाठी मोह थांबते का बाबू?"

"मी किती दिवसांचा येऊन राहिलो इथं, माहीत आहे?"

"अन् हे झाड माह्या सासूच्या सासूपासून हाय. तुले कोन्या दिवशी दिसलं?"

तिनं परत फांदी मारली, पाठ माझ्याकडं करून. ती पाठ मला सहन झाली नाही. मी म्हटलं, "जंगलात आग लावणं गुन्हा आहे, कळतं का?" आणि ती मान वळवते तोच कॅमेरा डोळ्याला लावून खटकन फोटो काढला. "हा पाहा, निघाला. दाखवतो फॉरेस्टवाल्याले."

मग मात्र तिनं उरलेली आग फांदीनं मारून मारून विझवली, शेवटची ठिणगी पायानं चिरडली, रिकामी टोपली उचलली आणि पायवाटेनं गेली. अर्ध्या झाडाखाली जमीन काळी, अर्ध्या झाडाखाली पाला तसाच. मला वाटलं, जिंकलो. धुकं तोवर उठून गेलं होतं.

घरी येऊन तो फोटो मोठा करून पाहिला, बाबा, आणि खुर्चीवरून उठलो. असा फोटो मी आयुष्यात काढला नव्हता. उजवीकडून धुकं आलेलं, डावीकडून धूर, आणि दोघांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत वाकलेली ती, फांदी उगारलेली, खाली आगीची एक बारीक केशरी रेघ. तोंड अर्धं दिसत होतं. तो फोटो मी रागात काढला होता, जागा न शोधता, उजेड न मोजता, आणि महिनाभर जे जमलं नाही ते एका झटक्यात झालं. तेव्हाच मॅनेजरला पाठवला. लगेच उत्तर आलं: "हाच! भिंतभर लावतो. सोमवारी ये, बोलू." मी खोलीत येरझारा घातल्या. ताठ बसून म्हणायचं वाक्य दोन-तीनदा मोठ्यानं म्हणून पाहिलं. समोरून झेरॉक्सवाला म्हणाला, "कोनाशी बोलून राहिला बे?"

दुपारी 'लॅब'चा फोन.

"ऐक, मले लय भेव लागून राहिलं. आईचा जंगलात कोणीतरी फोटो काढून नेला. फॉरेस्टवाला होता म्हणते. जाड जॅकेट, मोठा कॅमेरा. आई जेवलीच नाही. म्हणते, फोटो साहेबाकडं गेला का आपलं झाड गेलं, पुन्हा खाली पाय ठेवू देणार नाहीत."

मी विचारलं, कसा होता दिसायला.

"आई म्हणते, आवाज मोठा अन् अक्कल कमी." पलीकडं कोंबडी ओरडली. "तूच ना?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"इतकं मोठं जंगल होतं," ती म्हणाली, "अन् तुले भांडायले माहीच आई सापडली?"

त्यानंतर मी फोन केला तर उचलला नाही. मेसेज पाहिले, उत्तर नाही. मी पडद्याला लाथ मारली, खोटं कशाला सांगू. धुळीचा लोट उठला आणि खोकत बसलो. आणि तिथं खोकत बसलेलो असताना मला तुमच्या शोकेसमधली ती बाई आठवली. स्टुडिओच्या दाराशी काचेचं शोकेस होतं आणि त्यात मधोमध एका बाईचा फोटो तुम्ही मोठा करून लावला होता. कोणाच्या तरी लग्नात वाढत असताना घेतलेला, घामानं केस कपाळाला चिकटलेले, आणि कशाला तरी हसू येऊन तिनं पदर दातात धरलेला. लोक थांबून बघायचे. एक दिवस ती बाईच बाजारातून चालली होती, शोकेससमोर थांबली, पाहिलं, पदर डोक्यावर ओढून घेतला आणि रस्त्याच्या पलीकडून गेली. आत आली नाही. तुम्ही त्याच संध्याकाळी फोटो काढून तिच्या घरी पाठवून दिला, सोबत निगेटिव्ह पण. मी तुमच्याशी भांडलो होतो. "तोच तं सगळ्यात चांगला होता!" तुम्ही काच पुसत म्हणालात, "चांगला होता म्हणूनच उतरवला बे. खराब फोटोत मानूस ओळखू येते का?" मला तेव्हा ते येड्यासारखं वाटलं होतं. रिकाम्या जागी तुम्ही कुठल्याशा बाळाचा फोटो लावला, आणि तिथं परत कोणी थांबलं नाही.

मी मॅनेजरला फोन केला, म्हटलं तो फोटो देता येत नाही, काढून टाका. तो म्हणाला, "अरे, अर्धं तर तोंड दिसते, कोण ओळखते गावच्या बाईला?" मी म्हटलं, तिचा सगळा गाव ओळखतो. तो म्हणाला, "तिच्या गावाचे लोक येणार आहेत का आमच्या रिसॉर्टवर राहायले?" मग माझं डोकं फिरलं. जे बोललो ते इथं लिहीत नाही, तुम्ही मारलं असतं. शेवटी त्यानं फोटो खोडला, खोडल्याचा पुरावा पाठवला आणि खाली लिहिलं, परत फोन करू नको. म्हणजे वाक्य गेलं माझं. ताठ बसायला जे पाहिजे होतं ते गेलं, आणि पाहुणे मात्र रविवारी येणारच होते.

आज शनिवार. दुपारी गेलो मी त्यांच्या घरी. काही ठरवलं नव्हतं. ठरवत बसलो असतो तर गेलोच नसतो. तिची आई अंगण सारवत होती, मोह वाळवायची जागा करत होती. मला बघून ती शेणाचा हात तसाच धरून उभी राहिली आणि घराकडं तोंड करून ओरडली, "हाच व तो! पाह्य, घरापर्यंत आला!"

पोरगी दारात आली. "मले माहीत हाय."

"तुले कसं माहीत?"

"आई, हाच तो. मी सांगितलं होतं ना तुले, कॉलेजातला. फोटो यानंच काढला हे सांगायची हिंमत झाली नाही."

बाईनं माझ्याकडं पाहिलं, पोरीकडं पाहिलं, परत माझ्याकडं. "मंग हा फॉरेस्टवाला नाही?"

"नाही जी," मी म्हटलं.

"अन् मंग मी दोन दिस उपाशी कायले राहिली?" असं म्हणून ती ओट्यावर मटकन बसली. मला वाटलं रडते. ती हसत होती, पण ते हसणं माझ्यासाठी नव्हतं. हसणं संपलं तशी म्हणाली, "फोटो कुठी हाय?"

मी कॅमेरा तिच्यासमोर धरला. तिनं हात धुतले, लुगड्याला पुसले, मग जवळ आली. पाहिलं. बराच वेळ. तुमच्या शोकेससमोर लोक थांबायचे तसं नाही, उलट काहीतरी हरवलेलं शोधावं तसं. "झाड कुठी हाय?" तिनं विचारलं. मी म्हटलं, झाड या बाजूला राहिलं, फोटोत आलं नाही. "आग काढली, मले काढली, धूर काढला, अन् झाडच नाही? मंग हे पाह्यणाऱ्याले वाटन, बाई रिकामीच जंगल जाळून राहिली." खरं सांगतो बाबा, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मी तो फोटो कितीतरी वेळा मोठा करून पाहिला होता आणि झाड नाही हे एकदाही दिसलं नव्हतं.

"काढून टाक," ती म्हणाली.

मी तिच्यासमोर बटण दाबलं. बोट थांबलं होतं थोडं. पण दाबलं.

"मोबाईलमंधूनबी."

तिथूनही काढला. तेव्हा कुठं ती पोरीला म्हणाली, "चहा ठेव." आणि मग तो प्रश्न आला, ज्याच्यासाठी मी हिवाळा घालवला होता. "करतोस काय?"

"फोटो काढतो."

"ते पाह्यलं मी. दुसरं?"

"दुसरं नाही."

"कालेज सोडलं म्हणते पोरगी. काहून?"

"राग आला."

"कोणाचा?"

आता या प्रश्नाला उत्तर पाहिजे की नाही, बाबा? मला सर आठवले, हसणारा वर्ग आठवला, गेट आठवलं, पण राग कोणाचा ते काही बोटानं दाखवता येईना. मी म्हटलं, "आता नीट आठवत नाही."

"राग तं मलेबी आला होता गुरुवारी," ती म्हणाली. "मी झाड सोडलं का?"

चहा आला. पोरगी कप ठेवून आत गेली, माझ्याकडं न बघता. कपात साखर दुप्पट होती, त्यावरून मी समजलो की बोलायचं अजून बंद आहे पण सगळंच बंद नाही. तिच्या आईनं बशीत ओतून फुंकर मारून चहा संपवला आणि जणू कुठल्या मजुराशी बोलावं तसं म्हणाली, "उद्या पहाटे येजो. उजाडायच्या आधी. मोह पडायले लागला, अन् अर्ध्या झाडाखाली तुयामुळं पाला राहिला, त्याच्यात फुलं दिसत नाहीत. तो पाला हातानं उचलाचा, अन् मंग वेचाचं. आग लावाची नाही आता, तुले धूर आवडत नाही ना."

मी विचारलं, "अन् पाहुणे?"

"पाहुणे दुपारी. मोह सकाळी. त्याईले येऊ नका म्हणणं बरं दिसत नाही. येतीन, चहा घेतीन, मंग पोरगी सांगन काय सांगाचं ते." उठता उठता कॅमेऱ्याकडं बोट करून म्हणाली, "अन् तो डब्बा नको आणू. दोन्ही हात लागतेत वेचायले."

फाटकापर्यंत पोरगी सोडायला आली. मी काही बोलायला तोंड उघडलं तर म्हणाली, "उद्या जमिनीकडं पाहून काम कर. माह्याकडं नको पाहू, आई पाहून राहते."

"मग दुपारी काय सांगशील त्यांना?"

"आधी सकाळ तं होऊ दे बे," ती म्हणाली. पण 'बे' म्हणाली, नेहमीसारखं. गुरुवारपासून म्हणाली नव्हती.

तर असं आहे, बाबा. आई मघाशी विचारून गेली, एवढं काय लिहितोस, कॉलेजचा अर्ज का? मी हो पण म्हटलं नाही आणि नाही पण. बाहेर मशीन बंद झाली आहे, झेरॉक्सवाला शटर ओढून राहिला. हे पत्र कुठं टाकायचं ते काही कळत नाही. पडद्याच्या गुंडाळीत सारून ठेवीन, हरणाच्या बाजूनं. उद्या मला ओणवं बसून एका जागी कितीतरी वेळ राहायचं आहे, एकेक फूल उचलायचं आहे, आणि मी कधीच कुठं एका जागी राहिलेलो नाही. जमेल की नाही ते तिची आई पाहणार, आणि मोहाकडं बघत ती पण पाहणार. मॅनेजर नाही, वाक्य नाही, हातात काही नाही. बाहेर जाऊन आभाळ पाहून आलो. स्वच्छ आहे, वारा पडला आहे, गारवा थोडा वाटतो. अशा रात्रीनंतर बोडीवर कधी कधी येतं धुकं, शेवटचं म्हणून.

कॅमेरा आणत नाही असं मी त्यांना कबूल केलं आहे, आणि नेणार पण नाही. पण तुम्हाला म्हणून सांगतो, बॅटरी चार्जिंगला लावली आहे.